जनावर ताब्यात घेण्याचा अधिकार नेमका कोणाचा?

महापालिकेची कुत्रे पकडणारी गाडी वस्तीत आली की दोन बाजूंनी आवाज चढू लागतात. एका बाजूचे म्हणणे असते की सगळी कुत्री उचला आणि पुन्हा इकडे आणू नका, तर दुसरी बाजू विचारते की कुत्र्याला हात लावण्याचा अधिकार तुम्हाला दिला कोणी. गाडीवरचे कर्मचारी दोन्ही बाजूंचे बोलणे खाली मान घालून ऐकतात, कारण पहिली मागणी पूर्ण करण्याची मुभा बहुतेक वेळा त्यांना नसते आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांना कोणी नीट शिकवलेले नसते. प्राण्यांच्या छळाच्या तक्रारी घेऊन पोलीस ठाण्यात आणि महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात माझे बऱ्याचदा जाणे होते. तिथे सर्वात जास्त वेळ आणि शक्ती खर्च होते ती एकाच गोष्टीवर: हे काम आपल्या अखत्यारीत येत नाही, असे प्रत्येक टेबलावर ऐकण्यात. म्हणूनच कायद्याने कोणाला काय करता येते आणि काय करता येत नाही, हे एकदा सविस्तर लिहावे असे वाटले.

राज्यघटनेत पाहिले तर प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध हा विषय समवर्ती सूचीत सतराव्या क्रमांकावर आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. कोंडवाडे हा विषय राज्य सूचीत आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांसाठी जी बारावी अनुसूची जोडली गेली, तिच्यातील पंधरावी नोंद ‘कोंडवाडे आणि प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध’ अशीच आहे. त्यामुळे हा विषय शहराच्या कारभाराचा आहे, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. अडचण पुढे सुरू होते. प्रत्यक्ष छळ रोखण्यासाठीचा मुख्य कायदा, म्हणजे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्रीय अधिनियम, जनावर ताब्यात घेण्याचा अधिकार महापालिकेला तिच्या नावाने देत नाही. तो देतो पोलिसांना आणि राज्य शासनाने त्या कामासाठी प्राधिकृत केलेल्या व्यक्तीला.

या अधिनियमाचे कलम ३४ प्रत्येक ठाणे अंमलदाराच्या टेबलावर चिकटवलेले असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पोलीस शिपायाच्या वरच्या दर्जाचा कोणताही पोलीस, म्हणजे हवालदारसुद्धा, किंवा राज्य शासनाने प्राधिकृत केलेली कोणतीही व्यक्ती, एखाद्या प्राण्याच्या बाबतीत या अधिनियमाखालील गुन्हा घडला आहे किंवा घडत आहे असे मानण्यास तिच्याकडे कारण असेल आणि परिस्थितीची तशी गरज आहे असे तिचे मत झाले, तर तो प्राणी ताब्यात घेऊ शकते आणि जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे किंवा विहित पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे तपासणीसाठी हजर करू शकते. ज्याच्या ताब्यात तो प्राणी आहे, त्यालाही तपासणीच्या ठिकाणी सोबत येण्यास सांगता येते. या कलमात ‘दखलपात्र गुन्हा’, म्हणजे पोलिसांना वॉरंटाशिवाय अटक करता येईल असा गुन्हा, हा शब्दप्रयोग नाही. गुन्हा ‘या अधिनियमाखालील’ असला म्हणजे पुरे आहे, आणि माणसावरची कारवाई काहीही झाली तरी आधी जनावराला त्या अवस्थेतून बाहेर काढण्याची वाट या कलमाने मोकळी ठेवली आहे.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. इमारतीच्या गच्चीवर कुत्रे हातभर साखळीने कायमचे बांधलेले आहे, भांड्यात पाणी नाही, सावली नाही. कलम ११ मध्ये यासाठी तीन स्वतंत्र तरतुदी आहेत: अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, सतत बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवून न आणणे, आणि पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे. तक्रारदार ठाण्यात जातो तेव्हा त्याला सांगितले जाते की हा अदखलपात्र प्रकार आहे, एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतो, तुम्ही न्यायालयात जा. गुन्ह्याच्या तपासापुरते हे खरे आहे. कलम ३१ नुसार या अधिनियमातील मोजकेच गुन्हे दखलपात्र आहेत: अनावश्यक क्रूर रीतीने प्राण्याला मारणे किंवा त्याचे अवयव तोडणे, प्राण्यांच्या झुंजींसाठी जागा चालवणे, बंदिस्त प्राणी सोडून नेमबाजीच्या स्पर्धा भरवणे, आणि कलम १२ मधला दुभत्या जनावरांचा छळ. उपासमार, आखूड साखळी आणि बेवारस सोडून देणे या यादीत नाहीत. अशा अदखलपात्र प्रकारात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही आणि वॉरंटाशिवाय अटकही करता येत नाही. परंतु कलम ३४ खालील ताबा हा तपास नव्हे आणि अटकही नव्हे. ही दोन कामे वेगळी आहेत, एवढे जरी ठाण्यात मान्य झाले तरी कितीतरी मुकी जनावरे वेळेत सुटतील. मी जेव्हा जेव्हा अर्जात या कलमाचा मजकूर शब्दशः उतरवून दिला आहे, तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याचे बोलणे बदललेले पाहिले आहे. तो लगेच उठून निघाला असे दर वेळी झाले नाही, पण ‘आमच्याकडे अधिकारच नाही’ हे वाक्य पुन्हा आले नाही.

या अधिकाराला एक महत्त्वाची मर्यादा आहे आणि प्राणिप्रेमी मंडळी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. कलम ३४ जनावर ताब्यात घेण्याविषयी बोलते, कोणाच्या घरात शिरण्याविषयी नव्हे. प्रवेश आणि झडती यांसाठी वेगळी कलमे आहेत. कलम ३२ नुसार उपनिरीक्षकाच्या किंवा त्यावरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला, अथवा शासनाने प्राधिकृत केलेल्या व्यक्तीला, काही ठरावीक गुन्ह्यांच्या संशयावरून जागेत जाऊन झडती घेता येते. त्यांत मुख्यतः दुभत्या जनावरावरील ‘फुका’, म्हणजे अधिक दुधासाठी त्याच्या जननेंद्रियात हवा फुंकणे, किंवा तत्सम प्रकार येतात. इतर सर्व बाबतींत कलम ३३ प्रमाणे लेखी माहिती द्यावी लागते. त्यावर दंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा जिल्हा पोलीस अधीक्षक चौकशी करून स्वतः झडती घेतात किंवा उपनिरीक्षक व त्यावरील अधिकाऱ्याला वॉरंट देतात. म्हणजे बंद सदनिकेत कोंडलेल्या मांजरांसाठी दार तोडा असा आग्रह धरणाऱ्यांनी आधी लेखी माहिती द्यायला हवी. घराचा उंबरठा ओलांडण्यासाठी कायदा वरच्या दर्जाच्या माणसाची लेखी परवानगी मागतो, आणि ते योग्यच आहे असे मी मानतो. ज्याला प्राण्यांची काळजी आहे त्याने ही अट अडथळा समजू नये. ती पाळून केलेली कारवाई न्यायालयात टिकते, न पाळता केलेल्या कारवाईत मात्र जनावर परत त्याच मालकाच्या दारात जाण्याची भीती असते.

दंडाविषयी फार लिहावेसे वाटत नाही, कारण तो आकडाच पुरेसा बोलका आहे. कलम ११ खालील पहिल्या गुन्ह्याला किमान १० आणि कमाल ५० रुपये दंड आहे, तर तीन वर्षांच्या आत पुन्हा केलेल्या गुन्ह्याला २५ ते १०० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये शिक्षा वाढवणाऱ्या दुरुस्तीचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध केला होता. कलम १२ मात्र बरेच कडक आहे: अधिक दूध मिळावे म्हणून दुभत्या जनावरावर फुका करणे किंवा त्याच्या आरोग्याला घातक असे इंजेक्शन टोचणे यासाठी १,००० रुपयांपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन्ही, शिवाय ते जनावर सरकारजमा होते. गोठ्यातील ऑक्सिटोसिनच्या बाटल्यांची तक्रार घेऊन जाणाऱ्याला एनसीवर बोळवण पत्करण्याचे काहीच कारण नाही.

प्राण्याला ठार मारणे, विष घालणे किंवा अपंग करणे असा प्रकार असेल, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ लागू होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या या संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही अशी तरतूद असून हा गुन्हा दखलपात्र आहे. जुन्या दंड संहितेत प्राण्याची किंमत दहा रुपये की पन्नास रुपये यावरून कलम बदलत असे. तो हिशेब आता उरलेला नाही. उलट बाजूने, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जीवाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी खबरदारी न घेणाऱ्या मालकासाठी त्याच संहितेचे कलम २९१ आहे. त्यात सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चावऱ्या पाळीव कुत्र्याला मोकळे सोडणाऱ्या शेजाऱ्याची तक्रार महापालिकेकडे करून थांबू नये. ती पोलिसांकडेही होऊ शकते.

आता महापालिकेच्या गाडीकडे वळू. भटक्या कुत्र्यांच्या बाबतीत स्थानिक संस्थेचे अधिकार आणि कर्तव्ये प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ मधून येतात. १० मार्च २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या या नियमांनी २००१ च्या नियमांची जागा घेतली. पकडणे, निर्बीजीकरण करणे, रेबीजची लस टोचणे, कानावर खूण करणे आणि जिथून पकडले तिथेच परत सोडणे हा त्यांचा गाभा आहे. त्यामुळे ‘लांब कुठेतरी सोडून या’ ही मागणी नाकारणारा कर्मचारी कामचुकार नसतो, तो नियम पाळत असतो. दुर्धर आजाराने किंवा प्राणघातक जखमांनी विव्हळणाऱ्या कुत्र्याला दयामरण देण्याचा निर्णयही गाडीवरच्या माणसाच्या हाती नाही. त्यासाठी स्थानिक देखरेख समितीने नेमलेल्या पथकाचे निदान लागते. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात हीच पद्धत कायम ठेवली, मात्र रेबीजग्रस्त किंवा आक्रमक कुत्री परत सोडू नयेत असे सांगितले, खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा नेमण्यास सांगितले आणि या कामात लोकसेवकांना अडथळा आणणाऱ्यांवर कारवाईची समज दिली. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस आणि रेल्वे स्थानके या आवारांतील कुत्री तिथे पुन्हा न सोडता निवारागृहात ठेवावीत, असा अपवाद केला.

या सगळ्यात गाडीवरच्या कर्मचाऱ्याला माणसांवर चालवता येईल असा अधिकार जवळपास काहीच नाही. कुत्रे पकडताना कोणी जाळे ओढून घेतले, तर तो स्वतः कोणाला ताब्यात घेऊ शकत नाही. लोकसेवकाच्या कामात अडथळा आणल्याची तक्रार त्याला पोलिसांकडेच न्यावी लागते. पकडलेल्या कुत्र्याच्या अंगावर साखळीचे व्रण दिसले आणि मालक समोर उभा असला, तरी प्राधिकरण, म्हणजे शासनाने प्राधिकृत केल्याची नेमणूक, नसलेल्या कर्मचाऱ्याला कलम ३४ वापरता येत नाही. जनावराला रोज हात लावणारा, त्याची अवस्था सर्वात आधी पाहणारा माणूस आणि कायद्याने बळ दिलेला माणूस वेगवेगळे आहेत. ही दरी बुजवल्याशिवाय दंड कितीही वाढवला तरी फारसा उपयोग होईल, असे मला वाटत नाही.

माणसांच्या हातात अधिकार देताना काय सांभाळावे लागते, याचा धडा मुंबईने फार पूर्वी घेतला आहे. कंपनी सरकारच्या काळात उन्हाळ्याच्या ठरावीक दिवसांत मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम असे आणि १८३२ साली ही मुदत वाढवण्यात आली. मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळत होते. बक्षिसाच्या लोभाने शिपाई घरांच्या आवारातून पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. ज्यांच्या धर्मात कुत्र्याला मानाचे स्थान आहे त्या पारशी समाजाने ६ जून १८३२ रोजी कोट भागात विरोध सुरू केला, त्याचे दंगलीत रूपांतर झाले आणि शेवटी लष्कर बोलवावे लागले. अधिकार, नगावर पैसे आणि उंबरठ्याची मर्यादा नसणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होते ते इथे दिसते. आजही निर्बीजीकरणाची बिले कुत्र्यांच्या संख्येवर काढली जातात, तेव्हा पकडल्याच्या आणि सोडल्याच्या जागेची नोंद कोणीतरी काटेकोरपणे तपासलीच पाहिजे, असे मला कळकळीने वाटते. त्याच मुंबईत १८७४ मध्ये प्राण्यांच्या छळाविरुद्ध काम करणारी संस्था स्थापन झाली आणि परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय तिच्याच कामातून उभे राहिले. अशा संस्थांविषयीच्या २००१ च्या स्वतंत्र केंद्रीय नियमांनी अशी संस्था प्रत्येक जिल्ह्यात असणे अपेक्षित धरले आहे.

ताबा घेतल्यानंतरचा प्रश्न अधिक कठीण आहे आणि हवालदार कचरतो तो बहुधा इथेच. जप्त केलेली मोटारसायकल ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षे उभी राहू शकते, म्हैस किंवा कुत्रे राहू शकत नाही. कलम ३५ याचा विचार करते: दंडाधिकारी तो प्राणी शुश्रूषागृहात किंवा पांजरपोळात पाठवण्याचा आदेश देऊ शकतात, वाहतुकीचा आणि पोटापाण्याचा खर्च मालकाकडून वसूल होतो, आणि मालकाने तो दिला नाही तर प्राणी विकून खर्च भागवता येतो. मुद्देमाल म्हणून आलेल्या प्राण्यांच्या देखभालीसाठी २०१७ चे स्वतंत्र नियमही आहेत. कागदावर हे सारे असले, तरी रात्री अकरा वाजता ताब्यात घेतलेले जनावर त्या रात्री कुठे ठेवायचे, हे ज्या ठाण्याला आधीपासून माहीत नसते, तिथे कलम ३४ वापरले जात नाही. म्हणून माझ्या मते प्रत्येक पोलीस ठाण्याच्या हद्दीसाठी एक ठरलेली जागा आणि फोन उचलणारा एक पशुवैद्यक, एवढी सोय कोणत्याही नव्या कायद्यापेक्षा जास्त काम करील.

मोकाट गुरांच्या बाबतीत चित्र वेगळे आणि काहीसे समाधानकारक आहे, कारण १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा नेमका आणि स्पष्ट आहे. पिकाचे नुकसान करणारी गुरे शेतकरी स्वतः धरू शकतो, पण चोवीस तासांच्या आत ती कोंडवाड्यात पाठवावी लागतात. सात दिवसांत मालक आला नाही तर कोंडवाड्याचा रखवालदार ठाण्याला कळवतो, मग जाहीर नोटीस लागते आणि त्यानंतर लिलाव होतो. धरलेली गुरे जबरदस्तीने सोडवून नेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. इथे कोणी धरायचे, किती वेळात कुठे न्यायचे आणि पुढे काय करायचे, हे क्रमाने लिहिलेले आहे. वन्य प्राण्यांचा कायदाही असाच ठाम आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे कलम ५० वन अधिकाऱ्याला प्रवेश, झडती, जप्ती आणि अटक असे सर्व अधिकार देते, त्यामुळे पिंजऱ्यातल्या पोपटाची किंवा घरात पाळलेल्या कासवाची तक्रार महापालिकेऐवजी सरळ वन विभागाकडे करावी.

हे वाचून तक्रार करू इच्छिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पहिली, कलम ३६ प्रमाणे या अधिनियमाखालील खटला गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. ठाण्यात आणि महापालिकेत चकरा मारण्यात हा काळ भराभर संपतो, म्हणून पहिला अर्ज लेखी द्या आणि त्यावर पोच घ्या. दुसरी, प्राणी कल्याण मंडळाचे किंवा एखाद्या संस्थेचे ओळखपत्र गळ्यात असले म्हणून ताबा घेण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. तो राज्य शासनाच्या प्राधिकरणातून येतो. असे प्राधिकरण मिळालेल्या व्यक्तीला कलम ३९ लोकसेवकाचा दर्जा देते आणि सद्भावनेने केलेल्या कृतीसाठी कलम ४० तिला संरक्षण देते. ते नसताना दुसऱ्याचे जनावर उचलून नेणाऱ्याच्या मागे चोरीचा आरोप लागू शकतो, हेतू कितीही चांगला असला तरी.

माझी मागणी याच प्राधिकरणाविषयी आहे. राज्य शासनाने प्रत्येक महापालिका आणि नगरपालिकेतील पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कलम ३४ खाली नावानिशी किंवा पदनामाने प्राधिकृत करावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, अधिनियमातच ती सोय आहे. प्राधिकृत अधिकाऱ्याला पंचनामा कसा करावा, छायाचित्रे कशी घ्यावीत, मालकाला पोच कशी द्यावी आणि उंबरठ्यापाशी कुठे थांबावे, याचे प्रशिक्षण द्यावे. त्याचे वेतन किंवा भत्ता ताब्यात घेतलेल्या जनावरांच्या संख्येशी कधीही जोडू नये. आणि कोणत्या प्रभागासाठी कोण प्राधिकृत आहे, त्याचा दूरध्वनी कोणता आणि ताब्यातील जनावर त्या रात्री कुठे ठेवले जाईल, याची यादी प्रत्येक प्रभाग कार्यालयाच्या दर्शनी भागात आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात लावावी.